खिडकीला लिंबू, पाहुण्याला पाणी

मागच्या मे महिन्यात मी माझ्या सख्ख्या व्याह्यांना घरातूनच ओरडून सांगितलं, "भंगार नाही आज! पुढच्या महिन्यात या!"

दुपारचे तीन वाजलेले. बाहेर ऊन मरणाचं. खिडकीपलीकडे एक पांढुरका आकार खांद्याला काहीतरी लटकवून उभा होता. आमच्या त्या खिडकीतून गेली सात-आठ वर्षं कोणाचं तोंड दिसलेलं नाही, नुसता आकार दिसतो. उंच असला की पोस्टमन, रुंद असला की शेजारच्या काकू, आणि खांद्याला पोतं असलं की भंगारवाला, असा आमचा साधा हिशेब. व्याह्यांच्या खांद्याला पोतं नव्हतं, पिशवी होती. पिशवीत आमच्यासाठी आणलेले आंबे होते.

व्याही भला माणूस. हसले, पाणी प्यायले, आंबे ठेवून गेले. ते फाटकाबाहेर पडेपर्यंत बायको गप्प होती. मग म्हणाली, "व्याह्याले भंगारवाला म्हन्लं तुमी. तेही तोंडावर."

"तोंड दिसलं असतं तर म्हटलं असतं का?"

हा माझा बचाव होता आणि त्यातच मी अडकलो. तोंड का दिसत नाही, तर काच पांढरी झाली म्हणून. काच पांढरी का झाली, तर ती कोणी पुसत नाही म्हणून. कोण पुसत नाही, हे घरात दोनच माणसं असल्यामुळे फार शोधावं लागलं नाही.

खिडकी कूलरची आहे, हे आधी सांगायला हवं. पुण्या-मुंबईच्या वाचकाला कूलर म्हणजे एसी परवडेपर्यंतची सोय वाटते. वऱ्हाडात घर बांधताना देवघर कुठे आणि कूलर कुठे, हे दोन प्रश्न आधी सुटतात आणि बाकीचं घर त्यांच्या आजूबाजूला बसवतात. पत्र्याची पेटी, तीन बाजूंना ताट्या, खाली टाकी, टाकीत मुठीएवढी मोटर. मोटर पाणी वर चढवते, पाणी ताट्यांवरून ओघळतं, पंखा बाहेरची झळ त्या ओल्या ताट्यांतून ओढून घेतो आणि गार करून घरात सोडतो. सोडताना चार थेंब इकडेतिकडे उडवतो. आमच्या अर्ध्या खिडकीत कूलरचं तोंड आहे आणि उरलेल्या अर्ध्या खिडकीला काच, त्यामुळे मार्च ते जून त्या काचेला रोज अभिषेक. थेंब बसतो, उन्हाने सुकतो, पाणी उडून जातं आणि पाण्यात जे काही असतं ते काचेवर मुक्काम करतं. दुसरा थेंब बरोबर त्याच्याच डोक्यावर. असे आठ उन्हाळे.

पाणी बोअरचं. त्याच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही, कारण मे महिन्यात ते येतं हेच पुष्कळ. पण त्यात साबण घासला तर फेस येत नाही, चोथा येतो. तूर घरची, कुकर नवा, तरी पाच शिट्ट्यांनंतर डाळ वरणात दाणा न् दाणा मोजून घ्या म्हणून उभी. पाणी तापवायचा रॉड तीन महिन्यांत खडूसारखा होतो. मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, आणि त्यात 'दुष्फेन पाणी' हा धडा दरवर्षी शिकवला. पावसाचं पाणी मातीतून उतरताना कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं, मग आमच्या काळ्या पाषाणातून वाट काढताना कॅल्शियम, मॅग्नेशियम अंगाला लावून येतं, आणि वर आल्यावर सुकलं की चुनखडी मागे टाकतं. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, क्रमांक 10500, लिटरमागे 200 मिलिग्रॅमपर्यंतचा जडपणा चांगला मानतं, आणि दुसरं पाणीच नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्या म्हणतं. वऱ्हाडातलं आमचं सगळं आयुष्य त्या 'दुसरं पाणीच नसेल तर' या वाक्यात गेलं. हे सगळं मी फळ्यावर खडूने लिहायचो. खडू हातात धरून चुनखडी शिकवणारा मास्तर स्वतःच्या खिडकीवर आठ वर्षं चुना लावून घेत होता, हे बायकोने मोजक्या शब्दांत सांगितलं. ते शब्द इथे देत नाही.

आता आमचं गाव, आसेगाव. आसेगाव म्हटलं की 'कोणतं?' हे आलंच. आमचं वाशिम जिल्ह्यातलं, मंगरूळपीर तालुक्यातलं. इथे पोलीस ठाणं असल्यामुळे लोक 'पोलीस स्टेशनवालं आसेगाव' म्हणतात, आणि बाहेरगावचा माणूस ते ऐकून जरा सावरून बसतो. रिसोड तालुक्यात आसेगाव पेन आहे, अमरावती जिल्ह्यात आसेगाव पूर्णा आहे. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर व्याह्यांच्या प्रकरणानंतर चौथ्या दिवशी भाचा आला, गावातल्या एका लग्नासाठी. हा भाचा बोटीवर असतो. मुंबईला भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला माणसं आणि मोटारी एकत्र नेणारी रो-रो बोट 15 मार्च 2020 ला सुरू झाली, आणि सुरू होते न होते तोच टाळेबंदी आली. पुढे सगळं सुरळीत झाल्यावर धक्क्यावर पोरांना कामं मिळाली, त्यात हा बोटीवर गाड्या लावून घ्यायच्या कामाला लागला. पहिल्यांदा जेव्हा गावात सांगितलं की पोरगा बोटीवर लागला, तेव्हा आमची म्हातारी आत्या म्हणाली, "बोटावर? बोटावर त नखच असते." आसेगावात बोट म्हणजे हाताची दहा, अकरावं माहीत नाही. मग फोटो दाखवला. तो पाहून ती म्हणाली, "बाप्पा, एवढं पानी! अन् आपल्या इथं कूलरले भरा लागते."

तसं पाहिलं तर समुद्राशी आमचं नातं नाही असं नाही. वाशिम जिल्हा घाटमाथ्यावर बसलेला आहे. काटेपूर्णा उत्तरेला उतरून पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला, तापी अरबी समुद्राला. अडाण आणि अरुणावती उलट दिशेला पैनगंगेत जातात, तिथून वर्धा, प्राणहिता, गोदावरी करत बंगालच्या उपसागरात. एकाच जिल्ह्याच्या अंगणात पडलेला पाऊस दोन समुद्रांना वाटून द्यायचा, एवढा दिलदारपणा, आणि स्वतःसाठी मे महिन्यात बोअर. धक्क्यावर बोट चालते त्या पाण्यात आपल्या जिल्ह्याचा वाटा आहे, असं मी भाच्याला नेहमी सांगतो. तो ऐकून घेतो.

भाच्याने खिडकीजवळ जाऊन काचेवर नख फिरवलं. "मामा, हे तर काहीच नाही. खाऱ्या पाण्याचे डाग. आमच्या बोटीच्या काचांवर हे दिवसातून चार वेळा होतं."

मग त्याने मला बोटीची काच पुसायचं शास्त्र सांगितलं, आणि खोटं कशाला बोलू, तीस वर्षांत माझा एकही धडा मी इतक्या तयारीने शिकवला नसेल. समुद्राचे तुषार काचेवर सुकले की मिठाचे खडे होतात. त्यावर कोरडं फडकं मारलं की तेच खडे काचेवर ओरखडे काढतात, म्हणून फडक्याला आधी हात लावायचाच नाही. आधी गोडं पाणी, भरपूर. मीठ विरघळून वाहून गेलं की मग मऊ फडकं, मग रबरी वायपर वरून खाली एका दमात, मधे थांबायचं नाही, शेवटी चामड्याचं फडकं पिळून. आणि छोट्या बोटींच्या खिडक्या पुष्कळदा काचेच्या नसतातच, ॲक्रिलिकच्या असतात. त्यांना अमोनियावाला फवारा मारला की बारीक चिरा पडून त्या कायमच्या आंधळ्या होतात. "काचेला काय लावायचं हे नंतर, मामा. आधी ती काच आहे का, ते बघायचं." हे वाक्य मी मनात टिपून ठेवलं. निम्म्या संसाराला लागू आहे.

प्रात्यक्षिक सुरू झालं. फिल्टरच्या पाण्याचा अख्खा जार काचेवर ओतला. जारचे पैसे बायकोने मनात मोजलेले मला दिसले. फडकं फिरलं, वायपर फिरला, आणि काय सांगू! काच लख्ख झाली. अंगणातला कडुनिंब दिसला. त्याची पानं सुटी सुटी दिसली. शेजाऱ्यांच्या गच्चीवर वाळत घातलेले पापड दिसले. बायको पदर खोचून बाहेर आली, शेजारच्या काकूंना हाक मारली, काकूंनी त्यांच्या सुनेला. "मुंबईचा हात आहे बाई!" काकू म्हणाल्या. भाच्याने वायपर खांद्यावर बंदुकीसारखा धरला. फोटो काढले.

पाच मिनिटांनी, वरच्या कोपऱ्यातून सुरुवात करून, पांढरेपणा परत येऊ लागला. आधी कडुनिंब गेला, मग पापड गेले, मग काकू गेल्या. मे महिन्याच्या उन्हात काच सुकत होती, आणि ओली असताना पारदर्शक दिसणारा थर सुकल्याबरोबर पुन्हा खडूचा झाला. ओल्या दगडाचा रंग खुलतो आणि वाळला की तो परत धुरकट होतो, तसाच प्रकार. भाचा काचेकडे बघत राहिला. समुद्राने त्याला असा दगा कधी दिला नव्हता.

इथे माझ्यातला मास्तर जागा झाला. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात, आमच्या बोअरच्या पाण्यात त्याच्या पासंगालाही पुरणार नाहीत. पण समुद्राचं मीठ मनाने साफ आहे. गोडं पाणी दिसलं की विरघळतं. लिटरभर पाण्यात साडेतीनशे ग्रॅम मीठ सहज मावतं. चुनखडी मात्र निव्वळ पाण्यात लिटरमागे पंधराएक मिलिग्रॅमच्या पुढे जात नाही. म्हणजे मीठ हे पाहुणे, चहा दिला की उठतात. चुनखडी हे भाडेकरू, कोर्टात गेलं तरी हलत नाहीत. "तुझी बोट मीठ धुते," मी भाच्याला म्हटलं, "इथे दगड धुवायचा आहे."

"मग तुम्ही आठ वर्षं काय करत होता?" तो म्हणाला. मुंबईला राहून पोरं उद्धट होतात.

ही बातमी गावात फिरायला संध्याकाळ लागली नाही. आसेगावात कोणाला औषध विचारलं तर दवाखान्याचा पत्ता सांगतील, पण डाग काढायचा म्हटलं की प्रत्येकजण वैद्य. पहिला उपाय रद्दी पेपरचा. ओला पेपर चोळून माझ्या हाताला सोयाबीनचे भाव लागले, काचेला काही लागलं नाही. दुसरा राखेचा. राखेने तवा निघतो, परात निघते, पण राख स्वतःच खारट जातीची. चुन्याला तिच्याशी भांडायचं कारण नाही, दोघं शेजारी शेजारी सुखाने बसले. वर राखेतल्या रेतीने काचेवर जे दोन वक्र ओरखडे काढले ते आजही दुपारी उन्हात दिसतात.

तिसरा उपाय टूथपेस्टचा, आणि याचा मला अजून राग आहे. निम्मी ट्यूब काचेवर फासल्यावर सहज चष्मा लावून ट्यूबच्या मागचं बारीक वाचलं. पहिलंच नाव कॅल्शियम कार्बोनेट. दात घासायला त्यात चुनखडीची पूडच घालतात. म्हणजे चुन्यावर मी पैसे मोजून विकतचा चुना लावला होता. पुदिन्याच्या वासाचा.

चौथ्या माणसाने दाढीचं पातं सुचवलं. हा उपाय तसा खोटा नाही. काच चिंब ओली ठेवून पातं तिरपं धरलं तर जाड खपली निघते. पण घरातलं पातं गंजकं होतं, आणि भाच्याचा हात गाड्या लावून घेणारा, त्यामुळे दोन इंच खपली आणि अंगठ्याचं एक इंच कातडं एकाच वेळी निघालं.

पाचवा आला तो हातात बाटली घेऊनच. संडास साफ करायचं ॲसिड. "सर, एक झाकन मारा, काच काय, भित निघते." हे त्याने खरंच सांगितलं असं म्हणावं लागेल, कारण बाटलीतून चार थेंब आमच्या शहाबादी फरशीवर पडले आणि फरशी सोड्याच्या बाटलीसारखी उसळली. शहाबादी म्हणजे तरी काय, चुनखडकच. जो चुना काचेवरून काढायचा तोच खाली अंथरून आम्ही त्यावर उभे होतो. फरशीवर चार पांढरे खड्डे, खिडकीच्या ॲल्युमिनियमच्या चौकटीवर काळा ओघळ, आणि वास असा की कूलर बंद करून सगळे अंगणात. बायकोने बाटली त्याच्या हातात परत दिली आणि ब्लीचिंग पावडरचा डबा उचलून दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवला. ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र आले की क्लोरीन सुटतो, हे तिला मीच शिकवलेलं. तेवढी एक शिकवणी कामी आली.

त्या संध्याकाळी अंगणात बसल्या बसल्या मी कूलरच्या टाकीत डोकावलो आणि मला लोणार दिसलं. लोणार आमच्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात. आमच्या पोरांच्या सहलीचं ठरलेलं ठिकाण. आमच्यासारख्याच काळ्या पाषाणात उल्का पडून झालेलं विवर. त्यात पाणी येतं, बाहेर जायला वाट नाही. येतं ते उन्हाने उडतं, क्षार तेवढे राहतात, हजारो वर्षं राहतात. कूलरमध्ये दुसरं काय होतं? मोटर पाणी फिरवते, निर्मळ पाणी हवेत उडतं, क्षार टाकीत उरतात, आणि आपण टाकी रिकामी न करता वरून पाइप लावतो. लिटरमागे 600 मिलिग्रॅमचं पाणी रोज पन्नास लिटर उडालं तर दिवसाला तीस ग्रॅम, तीन महिन्यांत पावणेतीन किलो. घराघराच्या खिडकीला एकेक लोणार टांगलेलं आहे. 2020 च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं, खारट पाण्यात राहणाऱ्या सूक्ष्म जिवांमुळे, तेव्हा देशभर फोटो गेले. आमच्या टाकीतलं पाणी जूनमध्ये हिरवं होतं, त्याचा फोटो कोणी काढत नाही.

आणि गंमत बघा. अबुल फझलने 'ऐन-ए-अकबरी'त वऱ्हाडचं वर्णन करताना लोणारच्या परिसरात काच आणि साबण बनवायला लागणारं सगळं सामान मिळतं अशी नोंद करून ठेवली आहे. म्हणजे काच इथली, साबण इथला आणि डागही इथला. फक्त पुसणारा मुंबईहून मागवावा लागला.

ज्या उपायाने काम झालं तो मात्र स्वयंपाकघरातून आला. तिसऱ्या दिवशी सकाळी बायको देवाचा तांब्या चिंचेने घासत होती. घासता घासता म्हणाली, "तांब्या आंबटानं निघते, त काच काहून नाही निघत? मास्तर हाय ना तुमी?" दुष्फेन पाण्याच्या धड्याच्या तीन धडे पुढे 'आम्ल आणि कार्बोनेट' हा धडा आहे. मी दोन्ही शिकवले होते. मधल्या तीन धड्यांमुळे त्यांची गाठ पडली नव्हती.

चिंचेचे काळे डाग पडतील म्हणून लिंबू घेतलं. अर्धं कापलेलं लिंबू मी काचेच्या मधोमध टेकवलं आणि दाबून धरलं. आधी काही नाही. मग लिंबाच्या कडेने मोहरीपेक्षा बारीक बुडबुड्यांची रांग निघाली, आणि कान जवळ नेला तेव्हा चुरचुर ऐकू आली, तेलात पहिली मोहरी टाकावी तशी, फार लांबून. लिंबू उचललं तर काचेवर रुपयाएवढं गोल भोक पडल्यासारखी जागा. त्या रुपयातून कडुनिंबाची एक फांदी दिसत होती. सुकली, तरी दिसत राहिली. आम्ही तिघं आळीपाळीने त्या भोकाला डोळा लावून बसलो.

अडचण एकच. काच उभी, रस पातळ. लावला की ओघळून खाली, आणि आंबटाला काम करायला वेळ हवा असतो. इथे बोटीवरचा अनुभव कामी आला, त्याचं श्रेय मी हिरावून घेणार नाही. भाच्याने जुनं धोतर फाडलं, रसात भिजवलं, काचेवर चिकटवलं आणि वरून दुधाच्या पिशव्या उकलून प्लास्टिक डकवलं, म्हणजे उन्हाने सुकणार नाही. "उभ्या काचेला पोटीस बांधायचं, मामा." अर्धा तास थांबायचं, काढायचं, पुसायचं, पुन्हा. घासायचं नाही. गावाने तीन दिवस जोर लावला होता, जोराचं इथे काम नव्हतं.

पहिल्या दिवशी अकरा लिंबं गेली. मे महिन्यातली लिंबं. ज्यांना 2022 चा एप्रिल आठवतो, लिंबाची किंमत ऐकून लोक लिंबाकडे नुसते बघत होते, त्यांना अकरा लिंबं म्हणजे काय ते कळेल. दुपारी पोटीस बदलत असताना फाटक वाजलं. काच तोवर वरून अर्धी साफ झाली होती. मी पाहिलं. कपाळ, भुवया, डोळे आणि नाक स्पष्ट व्याह्यांचं होतं. नाकाखाली अजून भंगारवाला.

"या, या, व्याहीबुवा!" मी असा काही ओरडलो की ते दचकले.

ते उन्हातून आलेले, घामाने निथळत. बसले, टोपी काढली आणि मोठ्या अपेक्षेने म्हणाले, "वहिनी, लिंबाचं शरबत होऊन जाऊ द्या." बायकोने एकदा फडताळातल्या रिकाम्या टोपलीकडे पाहिलं, एकदा खिडकीकडे पाहिलं, आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. आत येऊन माझ्या कानाशी म्हणाली, "पाहुण्याले शरबत नाही अन् खिडकीले लिंबू! दुसऱ्यांदा नाक कापलं तुमी."

दुसऱ्या दिवसापासून लिंबं बंद. किराणा दुकानात सायट्रिक ॲसिड मिळतं, लिंबूसत्व म्हणून, साखरेसारखे खडे. दोन मोठे चमचे लिटरभर पाण्यात, तेही फिल्टरच्या. बोअरच्या पाण्यात कालवलं तर निम्मं आंबट आधी पाण्यातल्या चुन्यालाच खर्ची पडतं. लिंबाच्या दहाव्या हिश्शाच्या खर्चात तेच काम, आणि चिकट नाही. चायनीजच्या गाडीवरचं व्हिनेगरही चालतं, पण दोन दिवस घराला मंच्युरियनचा वास येतो आणि पोरं विनाकारण खिडकीत डोकावतात.

एक नुकसान सांगायचं राहिलं. खिडकीच्या खालची पट्टी काळ्या कडप्प्याची आहे, घरातली एकुलती एक श्रीमंती. तीन दिवस तिच्यावर आंबट ठिबकत होतं आणि आमचं लक्ष वर. काच निघाली तेव्हा खाली पाहिलं, तर काळ्याभोर कडप्प्यावर पांढुरके, निस्तेज डाग, थेंबाथेंबाचे. कडप्पाही चुनखडकच. आंबटाने त्याची चकाकी खाऊन टाकली. हे डाग कशाने निघत नाहीत, कारण ते डाग नाहीतच, दगडाचं गेलेलं कातडं आहे. बायकोने त्यावर दोन कुंड्या ठेवल्या आहेत. पाहुणे कुंड्यांचं कौतुक करतात.

काचही पूर्ण निघाली नाही. वरचा पाऊण भाग स्वच्छ, पण तळाला, जिथे आठ वर्षं पाणी साचून राहायचं, तिथे हाताला गुळगुळीत लागतं तरी धुरकट दिसतं. तिथे चुनाच नाही, त्यामुळे आंबट बिचारं कोणाशी भांडणार? काचेवर पाणी फार दिवस बसलं की ते काचेतला सोडा ओढून घेतं, त्याने ते पाणीच खारं होतं आणि मग ते खारं पाणी काच कुरतडतं. आपण डाग पुसत बसतो, खरं म्हणजे काच झिजलेली असते. भाचा म्हणाला, बोटीवर एखादी काच अशी झाली की मग धुणं संपतं आणि पॉलिश सुरू होतं: सेरियम ऑक्साइडची पूड, चष्म्याच्या आणि दुर्बिणीच्या भिंगांना चकाकी देतात तीच, पाण्यात कालवून लोकरीच्या चकतीने तासन् तास फिरवायची. कूलरची टाकी आठवड्यातून एकदा पार रिकामी करा आणि संध्याकाळी काचेवरून ओलं फडकं फिरवा, म्हणजे इतकं पुढे जायची पाळी येत नाही, हेही त्याने सांगितलं. जाताना फोनवरून त्या पुडीचा एक डबा मागवून दिला, पत्ता घातला 'आसेगाव, जिल्हा वाशिम', आणि गेला बोटीवर.

आठव्या दिवशी फोनवर संदेश आला की डबा आसेगावात पोचला असून सही करून घेतला आहे. आमच्याकडे कोणी आलं नाही, मी सही केली नाही, बायकोने केली नाही, पोलीस ठाण्यातही विचारून आलो.

तेव्हा रिसोड तालुक्यातल्या आसेगाव पेनच्या मंडळींना विनंती. तुमच्याकडे कोणाच्या घरी गुलाबीसर पांढऱ्या पुडीचा एक डबा आला असेल, तर ते पीठ नाही आणि दंतमंजनही नाही. खिडकीच्या काचेचं पॉलिश आहे. तुमच्याही घरी कूलर असणारच, तेव्हा लागेल तेवढं खुशाल वापरा. उरेल ते पाठवा. पत्त्यात मंगरूळपीर तालुका लिहायला विसरू नका.